बारा जागा, एकशे छत्तीस संघ: कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफची निवड कशी व्हावी

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या २०२५ च्या हंगामात मायामी आणि नोटर डेम या दोन्ही संघांचा हिशेब १०-२ होता. मायामी प्लेऑफमध्ये गेला, नोटर डेम घरी बसला. ड्यूकनं एसीसी ही मोठी कॉन्फरन्स, म्हणजे संघांचा गट, जिंकली, तरी त्याला जागा मिळाली नाही. ही निवड होते कशी, आणि व्हायला हवी कशी?

फुटबॉल म्हटल्यावर ज्यांना मेस्सी आठवतो त्यांच्यासाठी एवढंच: हा लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल आहे आणि संघ विद्यापीठांचे आहेत. १०-२ म्हणजे दहा विजय, दोन पराभव. सामना बरोबरीत सुटत नाही, जादा वेळेत निकाल लावतातच.

माझं मत आधी सांगून टाकतो. संघानं हंगामात काय कमावलं ते मोजून जागा द्यावी. तो किती तगडा दिसतो, पुढं काय करू शकेल, हे जागा देताना विचारूच नये. आणि मोजायची रीत ऑगस्टमध्ये, पहिला सामना सुरू व्हायच्या आत, छापून मोकळं व्हावं. समितीच्या हाती फक्त काठावरचे एक-दोन निर्णय राहावेत.

अडचण कुठं आहे ते आकड्यांतच दिसतं. वरच्या पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, २०२५ मध्ये १३६ संघ होते. प्रत्येकाचे नियमित हंगामात १२ सामने. १३६ संघांच्या जोड्या होतात ९,१८०, आणि सामने होतात फार तर ८१६. त्यातले काही खालच्या एफसीएस पातळीवरच्या संघांशी असतात, म्हणजे खरा आकडा आणखी कमी. शंभर जोड्यांतल्या नऊसुद्धा एकमेकींशी भिडत नाहीत. जे भिडतात तेही बहुतेक आपापल्या कॉन्फरन्समध्ये, बारापैकी आठ किंवा नऊ सामने घरातल्या घरात. कॉन्फरन्सला आपण गट म्हणू शकतो, पण हे गट चिठ्ठ्या टाकून पडलेले नाहीत. जुनी वैरं, भूगोल आणि टीव्हीचा पैसा यांतून ते बनले. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये नाव दहाचं आणि संघ अठरा आहेत. त्यात प्रत्येक संघ बाकीच्या सतरांपैकी नऊ जणांशीच खेळतो, म्हणजे एकाच कॉन्फरन्समधल्या दोन संघांची वाटही सारखी नसते.

रणजीत एलिटचे ३२ संघ आठ-आठच्या चार गटांत खेळतात, प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात. तिथं समिती बसवायची गरजच पडत नाही, कारण गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो आणि गट बऱ्यापैकी समतोल असतात. कॉलेज फुटबॉलमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. म्हणून नुसती गुणतालिका पुरत नाही आणि कुणीतरी 'या दहा विजयांची किंमत त्या अकरांपेक्षा जास्त' असं म्हणावं लागतं. भांडण आहे ते हे कुणी म्हणायचं आणि कशाच्या आधारावर, याचं.

आजवर काय काय करून झालं ते पटकन पाहू. १९३६ पासून असोसिएटेड प्रेससाठी पत्रकार मतं देत आणि वर्षअखेर जो पहिला तो राष्ट्रीय विजेता. १९९८ ते २०१३ बीसीएस नावाची व्यवस्था होती. मतदान आणि संगणकी क्रमवाऱ्या मिसळून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांचा एकच सामना लावायचा. २००१ मध्ये नेब्रास्का शेवटच्या सामन्यात कोलोराडोकडून ६२-३६ असा हरला, आपली कॉन्फरन्सही त्याला जिंकता आली नाही, तरी सूत्रानं त्याला अंतिम सामन्यात बसवलं. तिथं मायामीनं त्याला ३७-१४ असं धुतलं. २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांच्याही मतदानात यूएससी पहिला होता, सूत्रात तिसरा आला आणि बाहेर राहिला. त्या वर्षी दोन विजेते झाले.

पण बीसीएसमधली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट २०१० ची आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. सहा संगणकी क्रमवाऱ्यांपैकी एकीचंच, कोली नावाच्या क्रमवारीचं, सूत्र पूर्ण उघड होतं. हंगामाच्या शेवटच्या क्रमवारीत खालच्या पातळीवरच्या एका सामन्याचा निकाल, अपालाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय, भरायचा राहून गेला. तेवढ्यानं एलएसयू दहावा आणि बॉइसी स्टेट अकरावा लागला. निकाल भरल्यावर दोघांची अदलाबदल झाली. बाहेरच्या माणसाला ही चूक सापडली कारण सूत्र उघड होतं, त्याला स्वतः आकडेमोड करून पाहता आली. बाकीच्या पाच क्रमवाऱ्यांत काय काय राहून गेलं असेल ते तपासायची सोयच नव्हती. संगणक वाईट असा निष्कर्ष लोकांनी काढला. काढायला हवा होता तो हा, की झाकलेलं गणित कुणी वापरू नये.

२०१४ पासून चार संघांची प्लेऑफ आणि १३ जणांची निवड समिती आली. २०२४ पासून संघ बारा झाले. समिती साधारण अशी चालते: प्रत्येक सदस्य आपल्या मते सर्वोत्तम ३० संघांची यादी देतो, क्रम न लावता. तीन किंवा अधिक याद्यांत ज्याचं नाव आहे तो विचारात राहतो. मग छोट्या गटानं मतदान होतं. सहा संघ घ्यायचे, प्रत्येकानं त्यांना १ ते ६ क्रमांक द्यायचे, बेरीज सर्वांत कमी असलेले तीन यादीत वर चढतात, उरलेले तीन पुढच्या फेरीत नव्या तिघांबरोबर. असं करत २५ पर्यंत जायचं. ज्या सदस्याचा एखाद्या विद्यापीठाशी नोकरीचा संबंध आहे तो त्या संघाची चर्चा आणि मतदान होताना बाहेर बसतो. ही यंत्रणा वाईट नाही. एकदम २५ जणांचा क्रम लावण्यापेक्षा सहा-सहाची तुलना माणसाला झेपते.

बिघडतं ते निकषांत. वेळापत्रक किती कठीण, आमनेसामने कोण जिंकलं, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध काय झालं, महत्त्वाचा खेळाडू जायबंदी आहे का, हे सगळं पाहायचं असं लिहिलंय. कशाला किती वजन ते लिहिलेलं नाही. मग प्रत्येक वर्षी ज्याला जे सोयीचं ते वजन वाढतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

फ्लोरिडा स्टेटचं २०२३ चं प्रकरण घ्या. संघ १३-०, एसीसी विजेता. नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. समितीनं त्यांना पाचवं ठेवलं आणि १२-१ असलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची चार संघांच्या काळातली ही एकमेव वेळ. पुढं ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात जॉर्जियानं फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं हरवलं, तेव्हा 'बघा, समितीचं बरोबर होतं' असं बऱ्याच जणांनी म्हटलं. ते पटण्यासारखं नाही. जागा गेल्यावर त्यांच्या अनेक खेळाडूंनी तो सामना खेळायचंच सोडलं होतं, मैदानात उतरलेला संघ निवडीच्या वेळचा नव्हता. आणि उलटं उदाहरण त्याच प्लेऑफच्या पहिल्या वर्षाचं आहे: २०१४ मध्ये ओहायो स्टेटचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी होते. तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स उतरला, विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं, चौथी जागा मिळाली आणि तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. दुखापतीवरून भविष्य सांगता येत नाही, म्हणून ते कलम निवडीतून काढून टाकावं. तेरा विजय त्या मुलांनी आधीच मिळवलेले होते.

आता कमाई मोजायची कशी, ते नीट उलगडून सांगतो, कारण सगळं यावर उभं आहे.

पावसानं खेळ थांबला की डकवर्थ-लुईसच्या तक्त्यात बघतात, या षटकाला एवढ्या विकेट गेल्या असताना किती धावा असायला हव्या होत्या. तो झाला पार स्कोअर. इथंही तेच करायचं, पण पूर्ण वेळापत्रकाचा पार काढायचा: हे बारा सामने जर एखाद्या 'काठावरच्या' संघानं खेळले असते तर त्यानं सरासरी किती जिंकले असते? मग तुमचे प्रत्यक्ष विजय वजा तो पार, ही तुमची कमाई. कॉलेज बास्केटबॉलच्या निवड समितीच्या कागदांवर या जातीचा आकडा २०२४-२५ च्या हंगामापासून आलाय. फुटबॉलच्या समितीनंही २०२५ मध्ये 'रेकॉर्ड स्ट्रेंग्थ' नावाचं असंच काहीसं माप आणलं, पण ते अनेक कागदांतला एक कागद म्हणून. माझं म्हणणं, तोच मुख्य कागद असावा.

पहिलं काम, प्रत्येक संघाची ताकद गुणांत मांडायची: सरासरी संघापेक्षा किती गुणांनी सरस. काठावरचा संघ म्हणून ताकदीनं दहाव्या ते चौदाव्या क्रमांकांच्या संघांची सरासरी घ्या. समजा ती +२० आली. घरच्या मैदानाचा फायदा अडीच गुण धरा. एका सामन्याचा निकाल अंदाजापासून किती हलतो त्याचं प्रमाण विचलन साधारण १६ गुण धरा. आता +१० ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी खेळायचंय: फरक २० वजा १०, वजा अडीच, म्हणजे साडेसात. साडेसात भागिले सोळा, ०.४७, आणि सामान्य वितरणाच्या तक्त्यात त्याला येते ०.६८. हाच सामना आपल्या घरी असेल तर ०.७८. आपल्याच तोडीच्या +२० च्या संघाकडे जाऊन खेळायचं तर ०.४४. आणि −१० वाल्याला घरी बोलावलं तर जवळजवळ ०.९८, म्हणजे त्या विजयाची कमाई दोन शतांश.

आता दोन संघ समोर ठेवू. 'अ' संघ तगड्या कॉन्फरन्समधला, १०-२. त्याचे आठ सामने सोपे, सरासरी ०.९५, बेरीज ७.६. चार कठीण, सरासरी ०.५५, बेरीज २.२. पार झाला ९.८, विजय १०, कमाई +०.२. 'ब' संघ ११-१. त्याचे अकरा सामने ०.९३ चे, बेरीज १०.२३, एकच कठीण ०.५० चा. पार १०.७३, कमाई +०.२७. म्हणजे दोघं जवळपास सारखे, 'ब' केसभर पुढं. टीव्हीवर महिनाभर जो वाद चालतो, की ह्यांनी कुणाला हरवलंय आणि त्यांनी कुणाला, तो एका ओळीत येतो.

'अ' चंच वेळापत्रक खेळून ९-३ राहिलेला संघ −०.८ वर जातो. 'आमची कॉन्फरन्स कठीण' हे त्याचं म्हणणं खरं आहे, पण त्या कठीणपणाची पूर्ण किंमत पारमध्ये आधीच देऊन झालीय. त्याला +०.२ वर यायचं तर काठावरचा संघ ३.२ सामने हरेल इतकं अवघड वेळापत्रक हवं, आणि असं वेळापत्रक क्वचितच कुणाचं असतं. २०२४ मध्ये ९-३ चा अलाबामा बाहेर राहिला तेव्हा फार ओरड झाली. व्हँडरबिल्टकडून ४०-३५ आणि ओक्लाहोमाकडून २४-३ असे दोन पराभव पदरात असताना ओरडायला जागा नव्हती.

छोट्या कॉन्फरन्समधला अपराजित संघ: बारा सामने सरासरी ०.९७ चे, पार ११.६४, कमाई +०.३६. 'अ' आणि 'ब' दोघांच्याही पुढं. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं म्हणून त्याला झटकता येत नाही, पण त्या वेळापत्रकावर +०.३६ पेक्षा जास्त कमावताही येत नाही. वरची मर्यादा आपोआप बसते. २०१७ मध्ये यूसीएफ १२-० असताना समितीनं त्यांना बारावं ठेवलं होतं. पीच बोलमध्ये त्यांनी ऑबर्नला ३४-२७ हरवलं, आणि त्याच ऑबर्ननं त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही अंतिम फेरीवाल्यांना हरवलेलं होतं.

या पद्धतीत पराभवाची किंमतही दिसते. हरल्यावर तुम्ही तेवढेच गमावता जेवढी काठावरच्या संघाची जिंकायची शक्यता होती. २०२४ मध्ये नोटर डेम घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ हरला. अशा सामन्याची शक्यता ०.९५ धरली तर तेवढं गेलं. तोडीच्या संघाकडे जाऊन हरणं ०.४४ चं, असे दोन पराभव मिळून ०.८८. एक लाजिरवाणा पराभव दोन मानाच्या पराभवांहून महाग पडतो.

यात फसायला होतं कुठं, तेही सांगायला हवं. ताकद काढताना गुणांचा फरक वापरावा लागतो, कारण बारा सामन्यांत नुसते विजय-पराभव फार कमी माहिती देतात. बीसीएसनं २००२ मध्ये गुणफरक काढून टाकायला लावला, मोठे संघ दुबळ्यांवर मुद्दाम गुण चढवतात म्हणून. पार पद्धतीत गंमत उलटी होते. तुमची स्वतःची ताकद तुमच्या कमाईत धरलीच जात नाही. पण तुम्ही समोरच्याला ६० गुणांनी चिरडलंत तर तो ताकदीच्या यादीत खाली घसरतो, आणि तुमचंच वेळापत्रक सोपं दिसायला लागतं. इलाज सोपा आहे: 'अ' ची कमाई काढताना त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची ताकद 'अ' विरुद्धचा सामना वगळून काढायची. शिवाय फरकाला २४ गुणांची कमाल मर्यादा, म्हणजे तीन टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की सहा गुण) आणि त्यांवरचे दोन-दोन जादा गुण. त्यापुढचं सगळं शोभेचं. एफसीएस संघावरच्या विजयाला शून्य कमाई द्यावी, पराभवाला पूर्ण दंड. आणि सगळ्या ताकदी हंगाम संपल्यावरच्या घ्यायच्या. २०२५ मध्ये ३० ऑगस्टला फ्लोरिडा स्टेटनं अलाबामाला ३१-१७ हरवलं तेव्हा तो मोठा पराक्रम वाटला होता, पण फ्लोरिडा स्टेटनं हंगाम ५-७ असा संपवला. डिसेंबरमध्ये त्या पराभवाची किंमत ऑगस्टच्या भावानं लावून चालत नाही.

आमनेसामनेचा निकाल हा सगळ्यांत भावनिक मुद्दा, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. मायामीनं नोटर डेमला हंगामाच्या सुरुवातीलाच २७-२४ हरवलं होतं. नोटर डेमचा दुसरा पराभव टेक्सास ए अँड एमकडून, ४१-४० असा. म्हणजे दोन पराभव, मिळून चार गुणांचे, दोन्ही चांगल्या संघांकडून. मायामी हरला तो लुइव्हिल आणि एसएमयूकडून, क्रमवारीच्या दृष्टीनं हलक्या संघांकडून. समितीच्या पहिल्या साप्ताहिक यादीत नोटर डेम १० आणि मायामी १८ होता. शेवटून दुसऱ्या यादीत १० आणि १२, मध्ये बीवाययू. शेवटच्या शनिवारी दोघंही खेळले नाहीत. बीवाययू टेक्सास टेककडून ३४-७ हरून खाली आला, हे दोघं शेजारी-शेजारी आले, आणि मग समितीला ऑगस्टचा सामना आठवला. मायामी दहावा, नोटर डेम अकरावा. अकरावी आणि बारावी जागा टुलेन आणि जेम्स मॅडिसन या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना जाणार होती, म्हणून अकराव्याला दार बंद झालं.

निकाल मला चुकीचा वाटत नाही. रीत मात्र साफ चुकीची. दोन संघांचा आमनेसामने निकाल लागू व्हायला तिसऱ्याच संघानं हरावं लागतं, हे कुणाला समजावून सांगणार? नियम असा असावा: कमाईतला फरक पाव विजयापेक्षा कमी असेल तर ते दोघं सारखे समजायचे आणि आमनेसामने जिंकणारा पुढं, मध्ये कोण आहे ते न बघता. फरक त्याहून जास्त असेल तर तो सामना आधीच पारमध्ये मोजलाय, पुन्हा मोजायचा नाही. आणि तिघांचं चक्र झालं तर हा नियम रद्द, सरळ कमाईचा क्रम. चक्र खरंच होतं: २००८ मध्ये बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्समध्ये टेक्सासनं ओक्लाहोमाला ४५-३५, टेक्सास टेकनं टेक्सासला ३९-३३ आणि ओक्लाहोमानं टेक्सास टेकला ६५-२१ असं हरवलं. त्यांतला कुणीही 'आम्ही त्यांना हरवलंय' म्हणून रास्त दावा करू शकत होता, आणि तिघांनीही केला.

समितीनं नोव्हेंबरपासून दर मंगळवारी यादी जाहीर करणं मला सगळ्यांत घातक वाटतं. टीव्हीला ती हवी असते, कारण तासाभराचा कार्यक्रम होतो. पण एकदा १० आणि १८ असं लिहून दिलं की पुढच्या आठवड्यात कारण न सांगता ते उलटवता येत नाही, आणि समिती आपल्याच आधीच्या यादीची बचावकर्ती बनते. कमाईचे आकडे दर रविवारी छापा, हवे तितके कार्यक्रम करा. समितीनं यादी मात्र एकदाच द्यावी.

कॉन्फरन्स विजेत्यांच्या जागांबद्दल: २०२५ पर्यंत क्रमवारीतल्या सर्वोच्च पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा मिळायची, कॉन्फरन्स कोणती ते न बघता. हे मला योग्य वाटतं. ड्यूक का बाहेर राहिला ते यातूनच कळतं. एसीसीत, फक्त कॉन्फरन्समधले सामने धरले तर, पाच संघ ६-२ वर अडकले होते. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या टक्केवारीवर एकूण ७-५ चा ड्यूक विजेतेपदाच्या सामन्यात शिरला आणि तिथं व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० हरवून ८-५ वर विजेता झाला. समितीच्या पहिल्या पंचवीस संघांतसुद्धा तो नव्हता. २०२६ पासून चार मोठ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना नावानिशी हमी दिलीय. तो नियम २०२५ ला लावला असता तर ड्यूक आत आणि जेम्स मॅडिसन बाहेर. कमाईपेक्षा नावाला किंमत देणारा हा बदल आहे, आणि २०२४ आणि २०२५ मध्ये प्लेऑफमधला प्रत्येक प्रवेश कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर देत होता हे लक्षात घेतलं की तो का झाला हे विचारावं लागत नाही.

कॉन्फरन्सच्या विजेतेपदाच्या सामन्यात हरणाऱ्याचं काय करायचं, याचं उत्तर समिती दरवर्षी वेगळं देते. २०२४ मध्ये एसएमयू क्लेम्सनकडून ३४-३१ हरला, क्लेम्सनच्या नोलन हाउझरनं शेवटच्या क्षणी ५६ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलवर. एसएमयू आठवरून दहावर आला, तरी वाचला. २०२५ मध्ये अलाबामा जॉर्जियाकडून २८-७ हरला आणि नववाच राहिला, बीवाययू हरला आणि घसरला. पार पद्धतीत प्रत्येक पराभव काही ना काही नेतोच, तोडीच्या संघाविरुद्ध तटस्थ मैदानावर अर्धा विजय. आणि जो कॉन्फरन्समध्ये तिसरा-चौथा आल्यानं हा सामना खेळलाच नाही, त्याचं काहीच जात नाही. २०२४ मध्ये ओहायो स्टेट मिशिगनकडून १३-१० हरून घरी बसला होता. म्हणून पाच विजेते वगळून उरलेल्या खुल्या सात जागांसाठी कमाई नियमित बारा सामन्यांवरच बंद करावी. विजेतेपदाचा सामना फक्त विजेत्याची जागा आणि वरचं मानांकन ठरवेल. यानं एक अन्याय उरतो: अनपेक्षित विजेता आला की खुल्या यादीतला शेवटचा बाहेर ढकलला जातो, जसा क्लेम्सनमुळे अलाबामा गेला. तो राहू द्यावा. निदान तो मैदानावर होतो.

मानांकनात २०२४ ला झालेली चूक दुरुस्त झालीय, म्हणून थोडक्यात. त्या वर्षी पहिली चार मानांकनं आणि पहिल्या फेरीत पुढे चाल फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होती. क्रमवारीत नववा बॉइसी स्टेट तिसरा मानांकित झाला, बारावा ॲरिझोना स्टेट चौथा. सगळ्यांत जास्त तोटा पहिल्या क्रमांकाच्या ओरेगॉनचा. क्रमवारीतला सहावा ओहायो स्टेट आठवा मानांकित झाला आणि उपांत्यपूर्व फेरीतच ओरेगॉनसमोर आला, ४१-२१ जिंकला, पुढं विजेताही झाला. सरळ क्रमवारीनं मानांकन दिलं असतं तर हे दोघं अंतिम सामन्याआधी भेटले नसते. २०२५ पासून सरळ मानांकन आहे.

एक गोष्ट अजून तशीच आहे. पुढे चाल मिळालेल्या संघांचा दोन वर्षांचा हिशेब एक विजय, सात पराभव असा आहे, आणि तो एक विजय २०२५ च्या इंडियानाचा. आठ सामन्यांवरून नियम काढू नये, पण कारणं उघड दिसतात. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारनंतर साडेतीन आठवडे सामना नाही, आणि मग तो तटस्थ मैदानावर. पाच ते आठ मानांकितांना मात्र पहिल्या फेरीत स्वतःचं मैदान मिळतं. पहिल्या चौघांनी कमावलेलं बक्षीस त्यांच्या हाती पडायचं तर उपांत्यपूर्व सामने त्यांच्या मैदानावर घ्यावेत आणि एक आठवडा अलीकडे आणावेत. मोठ्या बोल सामन्यांचे आयोजक याला तयार होत नाहीत, कारण १ जानेवारीचा दिवस त्यांचा आहे.

प्रत्यक्ष कामकाज असं बसतं: शनिवारी रात्री शेवटचा सामना संपला की आकडे चालवायचे, सूत्र आणि सर्व निकालांची फाइल त्याच वेळी सर्वांसाठी खुली करायची. बाहेरच्या पाच-पन्नास जणांनी ती रात्रीत तपासली की २०१० सारखी भरायची राहिलेली ओळ सकाळपर्यंत सापडते. पाच विजेते आणि पहिले पाच-सहा खुले संघ तिथंच नक्की होतात, त्यांवर मतदान नको. समितीनं रविवारी सकाळी फक्त पाव विजयाच्या पट्ट्यात अडकलेले दोन-तीन संघ घ्यावेत, आधी आमनेसामने, मग समान प्रतिस्पर्धी, मग मतदान. आणि शेवटी प्रत्येक सदस्याचं मत नावासह छापावं, ज्यानं खोलीबाहेर बसायचं होतं तो बसला होता का तेही.